दहावीला बाल न्यायावर वैचारिक निबंध कसा शिकवावा? ५२ वह्यांत एकच निबंध येतोय

फळा_परतूर (प्रश्न)

नमस्कार मंडळी. जालना जिल्ह्यात माध्यमिक शाळेत मराठी शिकवते. दहावीचा पट ५२, तास ३५ मिनिटांचा. यंदा वैचारिक निबंधाला ‘प्रदूषण’ आणि ‘मोबाईल शाप की वरदान’ बाजूला ठेवले आणि बाल न्यायाचा, म्हणजे १८ च्या आतल्या मुलाच्या हातून गुन्हा घडला तर त्याचं काय करावं, हा विषय घेतला. वर्गातली लेकरं पंधरा-सोळा वर्षांची आहेत, कायद्यातली रेषा त्यांच्याच वयावरून जाते, म्हणून म्हटलं रस घेतील. रस घेतला, बोललीही भरपूर. लिहायला बसली की मात्र सगळी एकच लिहायलीत. एका वहीतला उतारा जसाच्या तसा देते:

“बालगुन्हेगारी ही आजची ज्वलंत समस्या आहे. मुले ही देवाघरची फुले असतात. परंतु काही मुले वाईट संगतीला लागतात. बाळाचे पाय पाळण्यात दिसतात. म्हणून अशा मुलांना कडक शिक्षा झालीच पाहिजे, नाहीतर समाज रसातळाला जाईल.”

शुद्धलेखन बरं आहे, वाक्यंही बरी आहेत. पण यात विचार कुठं आहे? वैचारिक निबंध म्हणून गुण द्यायला हात धजत नाही.

विचारायचं ते असं. विषयाची मांडणी कशी करावी? कायदा किती सांगावा, म्हणजे तास नागरिकशास्त्राचा होणार नाही? विरुद्ध बाजू लेकरांकडून लिहून कशी घ्यावी? आणि बोलता बोलता कुणी गावातल्याच एखाद्या मुलाची गोष्ट काढली तर काय करावं?

---

समास_लातूर

मॅडम, निम्मा दोष विषयाच्या शीर्षकाचा आहे. ‘बालगुन्हेगारी : एक समस्या’ यावर वाद घालायला कोण उभं राहणार? समस्या नाही असं कुणीच म्हणत नाही. ज्या वाक्याला शहाणा माणूस ‘नाही’ म्हणू शकत नाही, त्यावर वैचारिक निबंध होत नाही, फार तर भाषण होतं. ‘बालगुन्हेगारांना शिक्षा व्हावी का?’ हाही प्रश्न सैल आहे. कोणतं वय, कोणता गुन्हा, कसली शिक्षा, यातलं काहीच धरलेलं नाही.

प्रश्न इतका आवळा की उत्तर ‘ठेवा’ किंवा ‘काढा’ असंच यावं. उदाहरणार्थ: ‘निर्घृण अपराधात (किमान ७ वर्षं शिक्षा असलेल्या) १६ ते १८ वयाच्या मुलावर मोठ्यांसारखा खटला चालवण्याची तरतूद ठेवावी की काढावी?’ किंवा ‘विधिसंघर्षग्रस्त बालकाचं, म्हणजे गुन्ह्याचा आरोप असलेल्या मुलाचं, नाव छापायला बंदी आहे, ती ठेवावी की उठवावी?’ दुसरा प्रश्न नववीला सोपा जातो, कारण त्याला कायदा कमी लागतो.

मग चार शब्द फळ्याच्या कोपऱ्यात कायमचे लिहून ठेवा: काय, का, कशावरून, म्हणून. काय म्हणायचंय, का म्हणायचंय, कशावरून म्हणता, आणि म्हणून काय. तुम्ही दिलेला उतारा यावर घासून बघा. ‘काय’ आहे: कडक शिक्षा. ‘का’ अर्धंमुर्धं आहे: समाज रसातळाला जाईल. ‘कशावरून’चा पत्ताच नाही. त्या जागी म्हण बसवलीय.

म्हणीचं दुखणं जरा उघडून सांगतो, कारण ते मराठीच्या तासालाच जडतं. आपणच वर्षानुवर्षं ‘निबंधात म्हणी-सुविचार घाला’ म्हणून सांगत आलोय. म्हण भाषेला शोभा देते, पुरावा देत नाही. ‘बाळाचे पाय पाळण्यात दिसतात’ म्हणणाऱ्याला दुसरा लगेच ‘कोवळी फांदी वाकवावी तशी वाकते’ म्हणू शकतो. एक सांगतं मूल बदलत नाही, दुसरं सांगतं बदलतं. दोन्ही फळ्यावर लिहा आणि विचारा, यातली कोणती खरी? वर्ग गप्प होतो, आणि ‘कशावरून’ची गरज न सांगता कळते.

आता एक परिच्छेद बांधून दाखवतो. मुद्दाम ‘ठेवावी’ या बाजूचा घेतलाय, नाहीतर लेकरांना वाटतं सरांना ‘काढावी’च ऐकायचंय आणि सगळी तिकडंच वळतात.

*“ही तरतूद ठेवावी, कारण ती सरसकट लागू होत नाही. कायद्याच्या कलम १५ नुसार बाल न्याय मंडळ आधी मुलाची मानसिक व शारीरिक क्षमता, परिणाम समजण्याची कुवत आणि घटना घडली ती परिस्थिती तपासते. प्रकरण बाल न्यायालयात गेल्यावर तेथेही मोठ्यांसारखा खटला चालवायचा की नाही, याचा पुन्हा निर्णय होतो. म्हणजे प्रत्येक सतरा वर्षांच्या मुलाला नव्हे, तर दोन ठिकाणी विचार होऊन ज्याच्याबाबत तसे ठरले त्यालाच मोठ्यांची पायरी लागते.”*

पहिलं वाक्य काय आणि का, मधली दोन कशावरून, शेवटचं म्हणून. पाच-सहा ओळींत काम झालं, आणि एकही विशेषण रागानं आलेलं नाही. हा परिच्छेद वर्गात वाचून दाखवू नका. चार वाक्यांच्या चार चिठ्ठ्या करा, क्रम मोडा आणि जोडीजोडीनं लावायला द्या. बहुतेक जोड्या ‘म्हणून’ आणि ‘काय’ची अदलाबदल करतील. निष्कर्ष आधी की कारण आधी, हे तिथं हातानं कळतं.

लिहिताना प्रत्येक वाक्यासमोर समासात पेन्सिलीनं का, क (कशावरून), म (म्हणून) अशी खूण करायला लावा. ज्या परिच्छेदाच्या समासात ‘क’ नाही तो परत. तपासणीचा वेळही वाचतो, कारण पहिल्या फेरीला फक्त समास बघायचा असतो. ५२ वह्या पूर्ण वाचायच्या म्हणजे वहीमागं सहा मिनिटं धरली तरी पाच तासांच्या वर जातात. समास बघायला वहीला एक मिनिट पुरतं.

विरुद्ध बाजूचं म्हणाल तर आपली दोन कारणं मांडून झाल्यावर तिसऱ्या परिच्छेदात आक्षेप घ्यावा. खोटा, लगेच पडणारा आक्षेप चालणार नाही. ‘काही लोक म्हणतात की मुलांना काहीच करू नये’ असं कुणी म्हणत नसतं. खरा आक्षेप असा: घटनेच्या दिवशी मुलाला परिणाम कळत होते की नाही, हे काही महिन्यांनी समोर बसवून कसं मोजणार? ‘ठेवावी’ लिहिणाऱ्याला याचं उत्तर द्यायला घाम फुटतो, आणि फुटायलाच हवा.

---

काळा_कोट_अंबाजोगाई

समास सरांच्या मांडणीला हात लावत नाही. कायदा किती सांगावा, तेवढं बोलतो. माझं उत्तर: एक पान. पण त्या पानावरचं एकही वाक्य ढिलं नको. या विषयात अर्धवट माहितीवर उभे राहिलेले निबंध फार.

पानावर काय हवं ते सांगतो. कायद्याचं नाव बाल न्याय (मुलांची काळजी व संरक्षण) अधिनियम, २०१५. अंमल १५ जानेवारी २०१६ पासून. त्याआधी १९८६ चा कायदा होता, त्यात मुलगा १६ पर्यंत आणि मुलगी १८ पर्यंत बालक. २००० च्या कायद्यानं दोघांनाही १८ केलं. २०१५ ला १८ ची रेषा तशीच राहिली, फक्त १६ ते १८ मधल्या मुलांसाठी निर्घृण अपराधापुरती वेगळी वाट काढली. लेकरं इथंच घसरतात आणि ‘२०१५ पासून वय १६ केले’ असं लिहून मोकळी होतात. वय १६ केलेलं नाही, हे मोठ्या अक्षरात टाका.

दुसरं, वय मोजायचं ते घटनेच्या दिवशीचं. पकडलं त्या दिवशीचं नाही, निकालाच्या दिवशीचं तर नाहीच.

तिसरं, अपराधाचे तीन प्रकार: किरकोळ, गंभीर, निर्घृण. व्याख्या पाठ करून घेऊ नका, एकाच मोबाईलची चार चित्रं द्या. मुलगा १७ वर्षांचा, ठिकाण एसटी स्टँड:

खिशातून अलगद मोबाईल काढला. ही चोरी. भारतीय न्याय संहितेत जास्तीत जास्त ३ वर्षं, म्हणून किरकोळ.

हातातून हिसकावून पळाला. हिसकावण्याला नव्या संहितेत वेगळं कलम आहे, ३०४. शिक्षा तिथंही ३ वर्षांपर्यंतच, म्हणून हेही किरकोळ.

‘दे, नाहीतर मारीन’ म्हणून भीती घालून घेतला. ही जबरी चोरी, १० वर्षांपर्यंत. पण किमान शिक्षा दिलेली नाही, म्हणून गंभीर.

तेच करताना घातक शस्त्र वापरलं. इथं किमान ७ वर्षं आहेत, म्हणून निर्घृण. मोठ्यांसारख्या खटल्याचा प्रश्न या चौथ्या चित्रातच येतो.

आता चौथ्या चित्रातल्या मुलाचं वय १५ वर्षं ११ महिने करा. शस्त्र तेच, जखम तीच, पण ती वाट बंद. मंडळ समज देणं, समुपदेशन, समाजसेवा, परिविक्षेवर (देखरेखीखाली) सोडणं यापासून ते विशेषगृहात जास्तीत जास्त ३ वर्षं ठेवण्यापर्यंत आदेश देऊ शकतं. एका महिन्यानं एवढा फरक का पडावा, यावर वर्ग आपोआप दोन बाजूंना बसतो. निबंधाचा प्रश्न लेकरांच्या तोंडून निघतो, तुम्हाला द्यावा लागत नाही.

‘किमान’ आणि ‘कमाल’ यावर एक तास घालवला तरी वाया जाणार नाही. निर्घृण ठरवताना किमान शिक्षा बघतात. ज्या अपराधाला कमाल ७ वर्षांहून जास्त आहे पण किमान दिलेली नाही, त्याचं काय, हा गोंधळ होता. सर्वोच्च न्यायालयानं जानेवारी २०२० मध्ये शिल्पा मित्तल प्रकरणात असे अपराध ‘गंभीर’ धरायचे असं सांगितलं, आणि २०२१ च्या दुरुस्तीनं ते कायद्यातच आलं.

यावरून पुण्याच्या पोर्श गाडीच्या प्रकरणाकडं येतो. तुमच्या वर्गात ते निघणारच, निबंधामुळंच निघेल. १९ मे २०२४ ला कल्याणीनगरमध्ये दोघांचा जीव गेला, गाडी चालवणारा १७ वर्षांचा. त्याच दिवशी मंडळानं जामीन दिला आणि अटींमध्ये अपघातावर ३०० शब्दांचा निबंध घातला. लेकरं लिहितात ‘दोन जीव घेतल्याची शिक्षा म्हणून निबंध लिहायला लावला’. चूक. ती जामिनाची अट होती, शिक्षा नव्हे. चौकशी तेव्हा सुरूही झालेली नव्हती. अट योग्य होती का, यावर खुशाल टीका लिहू द्या, पण तिला शिक्षा म्हणून झोडपू देऊ नका. पुढं जुलै २०२५ मध्ये मंडळानं त्या मुलावर मोठ्यांसारखा खटला चालवण्याची पोलिसांची मागणी फेटाळली. न्याय संहितेआधीच्या भारतीय दंड संहितेत सदोष मनुष्यवधाचं कलम ३०४ होतं (हिसकावण्याचं वरचं ३०४ वेगळं), त्याला किमान शिक्षाच नाही, म्हणून तो अपराध निर्घृण ठरत नाही, हे लेकरांना माहीत असेल तर ‘पैसेवाल्याचा पोरगा सुटला’ यापलीकडं त्यांना काहीतरी लिहिता येतं.

दिल्लीच्या डिसेंबर २०१२ च्या निर्भया प्रकरणातही अशीच गफलत होते. सहापैकी एक जण १८ च्या आतला होता, त्याला ऑगस्ट २०१३ मध्ये ३ वर्षं विशेषगृहाचा आदेश झाला, तो डिसेंबर २०१५ मध्ये बाहेर आला. नवा कायदा राज्यसभेत त्याच महिन्यात मंजूर झाला. ‘मग नवा कायदा त्याला का लावला नाही?’ हा प्रश्न चांगला मुलगा विचारतोच. घटनेच्या दिवशी जी शिक्षा कायद्यात नव्हती ती मागाहून लावता येत नाही, संविधानाचा अनुच्छेद २०(१). एवढं उत्तर पुरे.

आता तुमचा चौथा प्रश्न, गावातल्या मुलाचा. इथं मॅडम, मऊ राहू नका. कलम ७४ नुसार अशा मुलाचं नाव, पत्ता, शाळा, ओळख पटेल असं काहीही वर्तमानपत्रात, मासिकात किंवा इतर माध्यमात प्रसिद्ध करायला बंदी आहे. ६ महिन्यांपर्यंत कैद किंवा २ लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. वहीतला निबंध म्हणजे प्रसिद्धी नव्हे, खरं आहे. पण चांगला निबंध भित्तिपत्रकावर लागतो, शाळेच्या वार्षिकात छापतो, ग्रुपवर फोटो जातो. म्हणून नियम वहीपासूनच: खरं प्रकरण घ्यायचं तर फक्त देशभर छापून आलेलं, आणि त्यातही मुलाचं नाव नाही. बाकी सगळं काल्पनिक. ५२ लेकरांत कुणाचा तरी भाऊ किंवा चुलत भाऊ निरीक्षणगृहात जाऊन आलेला असू शकतो, आणि ते लेकरू हात वर करून सांगणार नाही.

शब्दांचंही बघा. ‘बालगुन्हेगार’ हा शब्द कायद्यात नाही. ‘विधिसंघर्षग्रस्त बालक’ म्हणतात, कारण दोष ठरलेला नसतो. ‘अटक’ नव्हे, ‘ताब्यात घेणं’. आरोप चिकटवणारी भाषा वापरू नये, हे कायद्याच्या कलम ३ मध्येच तत्त्व म्हणून लिहिलंय. विधिसंघर्षग्रस्त हा शब्द जिभेला दगडासारखा लागतो हे मान्य, शुद्धलेखनाला मात्र उत्तम.

---

फळा_परतूर

दोघांचेही आभार. मोबाईलची चार चित्रं तर उद्याच नेते. दोन शंका. वकीलसाहेब, वय ठरवतात कशावरून? वर्गातल्या एका मुलीनं हेच विचारलं आणि मला सांगता आलं नाही. आणि हे सगळं किती तासांत बसवायचं? अभ्यासक्रम थांबवून महिनाभर हेच चालवता येणार नाही.

---

काळा_कोट_अंबाजोगाई

त्या मुलीला माझ्याकडून शाबासकी सांगा. कलम ९४. क्रम असा: आधी शाळेचा जन्मतारखेचा दाखला किंवा बोर्डाचं दहावीचं प्रमाणपत्र. ते नसेल तर महापालिका, नगरपालिका किंवा ग्रामपंचायतीचा जन्मदाखला. दोन्ही नसतील तरच वैद्यकीय तपासणी, म्हणजे हाडांवरून वय. ती शेवटची पायरी, कारण तिच्यात दोनेक वर्षं इकडं-तिकडं होऊ शकतात.

आणि आता तुमच्या शाळेचं दाखल-खारीज रजिस्टर काढा. किती लेकरांच्या नावासमोर १ जून आहे? आपल्याकडं जुन्या पिढीत तर अर्धं गाव एकाच दिवशी जन्मलेलं. पहिलीत नाव घालताना तारीख माहीत नसली की गुरुजींनी १ जून टाकायचं, वय शाळेच्या नियमात बसलं की झालं. आता हिशोब करा. लेकरू खरं जन्मलं फेब्रुवारीत, कागदावर त्याच वर्षाचा १ जून. कागदावर ते साडेतीन-चार महिन्यांनी लहान झालं. घटना एप्रिलमध्ये घडली, तर खरं वय १६ पूर्ण आणि कागदावर १६ ला दीड-दोन महिने कमी. कागद जिंकतो. उलटंही होतं: जन्म ऑगस्टचा आणि कागद १ जूनचा, तर लेकरू कागदावर मोठं.

‘वयाची रेषा इतकी धारदार असावी का’ या मुद्द्याला याहून चांगला ‘कशावरून’ पुस्तकात मिळणार नाही. फक्त वर्गातल्या कुणाची तारीख फळ्यावर लिहू नका, काल्पनिक घ्या.

---

नकाशा_नांदेड

मी समाजशास्त्रवाला, पण नववी-दहावीला वादसभा घ्यायचं काम बरीच वर्षं माझ्याकडं आहे. वेळापत्रक देतो. सहा तास पुरतात, सलग नकोत, आठवड्याला दोन. पहिल्या तासाला मोबाईलची चार चित्रं आणि प्रश्न आवळणं. दुसऱ्याला वकीलसाहेबांचं एक पान, जोडीनं वाचून त्यावर दहा चूक-बरोबर विधानं. तिसऱ्याला चार-चारचे तेरा गट, बाजू चिठ्ठीनं, आपल्या मनाविरुद्धची आली तरी तीच मांडायची. गटानं वहीचं पान उभं दुमडून डावीकडं ‘ठेवावी’, उजवीकडं ‘काढावी’ लिहायचं, दोन्हीकडं किमान चार-चार मुद्दे. चौथ्या तासाला फक्त एक परिच्छेद, समासात का-क-म. पाचव्याला आक्षेप आणि उत्तर. सहाव्याला पूर्ण निबंध, २५० ते ३०० शब्द, वर्गातच. घरी दिला की तो गाईडमधून किंवा मोबाईलवरून येतो आणि ‘आजच्या विज्ञानयुगात’ या शब्दांनी सुरू होतो.

शेवटच्या तासाला लेकराला बाजू बदलायची मुभा द्या. बदलणाऱ्यानं कोणत्या मुद्द्यानं मत फिरलं ते एका वाक्यात लिहायचं. ते वाक्य बहुधा अख्ख्या निबंधातलं सगळ्यात खरं वाक्य असतं.

आणखी एक, हे सगळं जून ते सप्टेंबरात उरका. बीड-परळीकडच्या शाळांना सांगायला नको, दिवाळीच्या आगंमागं ऊसतोडीला टोळ्या निघाल्या की पट अर्ध्यावर येतो, आणि सुरुवातीचे दोन तास बसलेलं लेकरू शेवटच्या तासाला फडात असतं.

समास सरांशी एका ठिकाणी मतभेद. विरुद्ध बाजू तिसऱ्या परिच्छेदात नको, पहिल्यात घ्या. आपल्या जुन्या वादपद्धतीत पूर्वपक्ष आधीच येतो, मग उत्तरपक्ष. पण मी परंपरेसाठी म्हणत नाही. साध्या लेकराचा वेळ संपतो आणि जे शेवटी ठेवलंय तेच राहून जातं. तिसऱ्या परिच्छेदातला आक्षेप दहापैकी सहा वह्यांत एका ओळीत गुंडाळलेला दिसतो: ‘काही जण याला विरोध करतात पण ते चुकीचे आहेत.’ पूर्वपक्षानं सुरुवात करायला लावलं की ‘देवाघरची फुले’ आपोआप गळतात, कारण पहिल्याच ओळीत कुणाचं तरी म्हणणं मांडावं लागतं.

आकडेवारीबद्दल. ‘बालगुन्हेगारी झपाट्याने वाढत आहे’ हे वाक्य प्रत्येक वहीत येणार. कशावरून? राष्ट्रीय गुन्हे नोंद ब्युरोच्या अहवालात अल्पवयीनांविरुद्ध नोंदलेली प्रकरणं २०२१ मध्ये ३१,१७० आणि २०२२ मध्ये ३०,५५५. वजाबाकी करायला लावा: ६१५ नं कमी, म्हणजे जवळपास २ टक्के घट. लगेच दुसऱ्या बाजूचं लेकरू उड्या मारतं की गुन्हे घटलेत. त्यालाही थांबवा. एका वर्षाच्या घटीवरून कल सांगता येत नाही, आणि हे फक्त नोंदलेले गुन्हे आहेत. त्याच अहवालात २०२२ मध्ये ताब्यात घेतलेली मुलं ३७,७८० आणि त्यातली १६ ते १८ वयाची २९,६९०, म्हणजे शंभरातली साधारण ७९. हा आकडा दोन्ही बाजू वापरतात, तेच त्याचं मोल. एक म्हणतो, बघा, हेच वय धोक्याचं. दुसरा म्हणतो, म्हणजे याच वयाला सुधारायची संधी जास्त लागते. आकडा स्वतः काही बोलत नाही, हे इथं दाखवता येतं. फक्त ‘ताब्यात घेतलेली’ म्हणजे ‘शिक्षा झालेली’ नव्हे, हे लाल शाईनं लिहा. व्हॉट्सअ‍ॅपवरचा आकडा वर्ष आणि अहवालाचं नाव नसेल तर सरळ काट.

गुण मी २० पैकी असे देतो: भूमिका स्पष्ट असणं ३, कारण आणि पुरावा ८, पूर्वपक्ष खरा घेऊन उत्तर देणं ५, भाषा आणि शुद्धलेखन ४. भाषेचे चारच आहेत म्हणून मराठीवाले माझ्यावर रागावतात. पण दहा दिले की लेकरं परत अलंकारांकडं पळतात.

---

समास_लातूर

रागावत नाही सर, पाच करा इतकंच म्हणतो. पूर्वपक्ष पहिला घेण्याचं पटलं, पण एक काळजी घ्यावी लागेल. कच्चं लेकरू पूर्वपक्ष इतका रंगवतं की शेवटी त्याची स्वतःची बाजू कोणती हेच कळत नाही. त्याला मर्यादा घाला: पूर्वपक्ष तीन वाक्यं, चौथं वाक्य ‘तरीही’नं सुरू. आणि ‘तरीही’च्या जागी ‘पण ते चुकीचे आहेत’ आलं की परत. आक्षेपातला जो भाग खरा आहे तो आधी कबूल करायचा. मी वर मोजण्याचा आक्षेप दिला होता, त्याला उत्तर असं बसतं:

*“घटनेच्या दिवशीचे मन महिन्यांनी मोजता येत नाही, हा आक्षेप खरा आहे. तरीही त्यावर उपाय तरतूद काढणे हा नसून तपासणी पक्की करणे हा आहे. मंडळात बालमानसशास्त्राची पदवी असलेले कोणी नसेल तर तज्ज्ञाची मदत घ्यावीच लागेल, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये सांगितले आहे.”*

कबुली दिली, मग वळण घेतलं, मग पुरावा. कबुली दिली की बाजू कमजोर होते असं लेकरांना वाटतं, म्हणून पहिल्यांदा हे जमत नाही. दुसऱ्या-तिसऱ्या खेपेला जमतं.

बोर्डाच्या पेपराला एवढी जागा आणि वेळ मिळत नाही. तिथं एकच कारण, एकच पुरावा, एकच आक्षेप. सांगाडा हाच ठेवायचा, मजले कमी करायचे.

---

काळा_कोट_अंबाजोगाई

नकाशा सर, तुमच्या दहा चूक-बरोबर विधानांत ही दोन नक्की घाला. पहिलं: ‘बाल न्याय मंडळ फाशी देऊ शकते.’ चूक. मंडळच काय, बाल न्यायालयही फाशी देऊ शकत नाही, आणि सुटकेची शक्यताच नसलेली जन्मठेपही देऊ शकत नाही, कलम २१. दुसरं: ‘मोठ्यांसारखा खटला चालला की मुलगा लगेच तुरुंगात जातो.’ चूक. दोषी ठरला तरी वयाची २१ वर्षं पूर्ण होईपर्यंत सुरक्षित ठिकाणी, तिथं त्याच्यात काय फरक पडला ते बघून पुढचं. ‘ठेवावी’वाल्यांनाही हे मुद्दे लागतात आणि ‘काढावी’वाल्यांनाही.

आणि मंडळ म्हणजे एकटे न्यायाधीश नव्हेत. एक दंडाधिकारी आणि दोन सामाजिक कार्यकर्ते, त्यात किमान एक महिला. निराधार, टाकलेली, मजुरीला लावलेली लेकरं मंडळाकडं येत नाहीत, ती बाल कल्याण समितीकडं. या दोन नावांची सरमिसळ झाली की निबंधाचा पायाच हलतो. कुणी बोलवायचं असेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाला मुख्याध्यापकांच्या सहीचं पत्र द्या, शाळांत कायदा सांगायला त्यांची माणसं येतात. पण आधी दोन तास घेऊन मग बोलवा. कोऱ्या वर्गापुढं वकील उभा केला की भाषण होतं आणि टाळ्या पडतात. प्रश्न तयार असले की वकिलाला घाम फुटतो.

---

फळा_परतूर

सोमवारी मोबाईलच्या चार चित्रांनी सुरुवात करते, पूर्वपक्ष पहिल्या परिच्छेदात, तीन वाक्यांची मर्यादा. गुणांमध्ये भाषेला पाच, पुरावा सात. दोन्ही सरांनी सांभाळून घ्यावं.

शेवटचं एक. ‘वय घटनेच्या दिवशीचं’ आणि ‘काय, का, कशावरून, म्हणून’ हे सहाव्या तासाला, निबंध लिहिताना, फळ्यावर राहू द्यायचं का पुसायचं?

---

समास_लातूर

चार शब्द राहू द्या. वयाचं पुसा.